उपासनेत कलेने करायचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर भागातील एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचे दगडी प्रार्थनामंदिर दुरुस्तीला निघाले आहे आणि समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाला वेदीमागे मोठे चित्र, रंगीत काचा, नवे कोरीव व्यासपीठ आणि गायनासाठी मोठा ध्वनिसंच हवा आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, देव आत्मा आहे, त्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करायची असते, तेव्हा चार स्वच्छ भिंती पुरेत आणि उरलेला पैसा गरजूंना द्यावा. ख्रिस्ती उपासनेत सौंदर्याला आणि कलेला नेमके कोणते स्थान आहे आणि त्यावरून समितीने निर्णय कसा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी मराठी गायनवृंद बसवण्याचे काम आयुष्यभर करत आले आहे, कॅथलिक धर्मग्रामांत आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही. गायनाच्या निमित्ताने इमारतींच्या दुरुस्तीच्या बैठकांनाही बसावे लागते, कारण छत बदलले की गाणे बदलते. या अनुभवावरून माझे मत आधीच सांगते. उपासनेत कलेला नेमून दिलेले काम असते, आणि त्या कामावरूनच तिची पारख करावी. जी कला जमलेल्या लोकांना वचन ऐकायला, एकत्र गायला, पापांची कबुली द्यायला, प्रभुभोजनाला पुढे यायला किंवा काही क्षण शांत राहायला साहाय्य करते, ती तेथे हक्काने आहे. जी त्यांना बाकावर बसवून प्रेक्षक करते, ती कितीही देखणी असली तरी तिची जागा दुसरीकडे आहे. आपल्या दोन्ही गटांनी खर्चाच्या आकड्यावरून भांडण्याआधी ही कसोटी मान्य केली, तर पुढचे निर्णय बरेच सोपे होतील.

दुसऱ्या गटाचा आक्षेप गंभीर आहे. तो उडवून लावू नये. योहानाच्या चौथ्या अध्यायातील ते वचन शोमरोनी स्त्रीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. तिचा प्रश्न जागेचा होता: या डोंगरावर उपासना करायची की यरुशलेमेत? प्रभूने उपासनेला एका डोंगराच्या मक्तेदारीतून सोडवले. उपासकाला शरीर, डोळे आणि कान नसावेत, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मूर्ती करू नये ही आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे, हे सर्वांना पाठ असते. त्याच पुस्तकात पुढे पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशाच्या दयासनावर, म्हणजे झाकणावर, सोन्याचे घडीव करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय प्राणी, करण्याची आज्ञा आहे, अठ्ठाविसाव्यात अहरोनाची वस्त्रे गौरवासाठी व शोभेसाठी करावीत असे सांगितले आहे, आणि एकतिसाव्यात बसालेल नावाच्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, ते सोने-रुपे-पितळेचे काम, रत्ने जडवणे आणि लाकडावरचे कोरीव काम करता यावे म्हणून, असे स्पष्ट लिहिले आहे. देवाच्या आत्म्याचे कारागिरीशी असलेले हे नाते उपदेशांतून फार क्वचित ऐकू येते, याचे मला नेहमी वाईट वाटते. मंडळीतल्या सुताराला आणि गवंड्याला ते सांगितले पाहिजे.

मात्र त्याच शास्त्रात धोक्याचीही गोष्ट आहे. मोशेने रानात देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा सर्प केला होता आणि त्याकडे पाहणारे वाचले. शेकडो वर्षांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, असे दुसऱ्या राजे पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. वस्तू तीच होती. लोक तिच्यासमोर काय करत होते, ते बदलले होते. मला हा प्रसंग या साऱ्या वादातला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण कलाकृती चांगली की वाईट हे ती कोणी, कशाची आणि किती खर्चाने केली एवढ्यावर ठरत नाही, हे त्यातून कळते.

मंडळीच्या इतिहासात हा वाद अनेकदा पेटला आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना काही खरे बोलायचे होते. आठव्या शतकात प्रतिमा फोडल्या जात असताना दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने असे मांडले की, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नव्हते हे खरे, पण तो देह धारण करून माणसांत राहिला, म्हणून त्या देहाचे चित्र काढता येते. ७८७ मध्ये निकिया येथील दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांना मान द्यावा, आराधना मात्र केवळ देवाची करावी, असा निर्णय दिला. सोळाव्या शतकात झुरिक शहरात झ्विंग्ली या धर्मसुधारकाच्या प्रेरणेने १५२४ मध्ये चर्चमधील चित्रे व मूर्ती हटवल्या गेल्या आणि १५२७ मध्ये तेथील मुख्य चर्चचा ऑर्गनही मोडण्यात आला. झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता. त्याला संगीत कळत नव्हते म्हणून त्याने ते बंद केले असे नाही. संगीताची ताकद कळत होती म्हणून त्याला त्याची धास्ती वाटली. जर्मन धर्मसुधारक लूथरने मात्र १५२२ मध्ये विटेनबर्गला परतून तेथील तोडफोड थांबवली आणि मंडळीच्या तोंडी गीते दिली. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर या दोन्ही प्रवाहांचे संस्कार आहेत. म्हणून आपल्या समितीतील दोन गट हे कोणा एकाचे चुकलेले शिक्षण आहे असे समजू नये.

साध्या भिंतींच्या गटाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: साधेपणा हीसुद्धा कला आहे आणि ती अवघड कला आहे. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने चर्चच्या भिंती झळाळतात आणि गरीब उघडे राहतात, अशी कडक टीका केली. पण त्याच्याच पंथाच्या साधूंनी फ्रान्समध्ये फोंतने येथे बांधलेले, ११४७ मध्ये समर्पित झालेले चर्च पाहा. त्यात चित्रे नाहीत आणि सोने नाही. आहे ते केवळ दगडाचे प्रमाण, कमानींची लय आणि खिडक्यांतून योग्य ठिकाणी पडणारा उजेड. ते पाहणाऱ्याला तेथे सौंदर्य नाही असे म्हणता येणार नाही. साध्या भिंती हव्या असतील तर त्या खरोखर साध्या आणि नीट असाव्यात. आपल्याकडे साधेपणाच्या नावाखाली जे होते ते बहुधा वेगळेच असते: दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर चकचकीत ऑइलपेंट, छताखाली ट्यूबलाइटची रांग, खिळ्यावर टांगलेले देणगीदारांचे फलक, कोपऱ्यात मोडके बाक आणि वेदीवर धूळ बसलेली प्लास्टिकची फुले. याला साधेपणा म्हणता येत नाही. हे दुर्लक्ष आहे, आणि दुर्लक्षही उपासकांना काहीतरी शिकवत असतेच.

आता पैशाविषयी. बेथानीतील स्त्रीने अत्यंत मौल्यवान जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा ते ३०० दिनारांहून अधिक किमतीला विकून गरिबांना देता आले असते, अशी कुरकुर झाली. एका मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई होती ती. प्रभूने तिची बाजू घेतली, आणि त्याच वाक्यात हेही सांगितले की गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत, तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचे बरे करता येते. पहिला गट या प्रसंगाचा पूर्वार्ध सांगतो आणि दुसरा गट उत्तरार्ध. दोन्ही एकत्र वाचले पाहिजे. सुवर्णमुखी योहान या चौथ्या शतकातील महान उपदेशकाने मत्तयाच्या शुभवर्तमानावर बोलताना बजावले होते की, मंदिरात ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी मान देऊन बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नका. मिलानचा बिशप अँब्रोज याने बंदिवानांची सुटका करण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे वितळवली आणि त्याचे उघड समर्थन केले. या दोघांनीही उपासनेतील सौंदर्य नाकारले नव्हते. अँब्रोजने तर लोकांच्या तोंडी स्तोत्रे दिली. त्यांनी क्रम लावून दिला होता.

माझा व्यवहारातला सल्ला असा की, दुरुस्तीच्या निधीबरोबरच मदतनिधीचाही वाटा पहिल्याच बैठकीत ठरवून कागदावर आणावा. तो एकदा ठरला की कलेवरच्या प्रत्येक रुपयाला गरिबांचे नाव पुढे करून अडवण्याची गरज उरत नाही आणि कलेच्या नावाखाली त्या निधीला हात लावण्याची मुभाही उरत नाही. मग उरलेल्या रकमेत थोडे करा, पण खरे करा. फायबरवर सोनेरी रंग मारलेली दहा फुटी चौकट करण्यापेक्षा सागवानाचा साधा, नीट सांधलेला क्रूस बरा. दुकानातून आणलेल्या छापील कापडी फलकापेक्षा मंडळीतील बायकांनी स्वतः भरतकाम केलेले वेदीवस्त्र बरे, जरी त्याची एखादी कडा वाकडी असली तरी. प्रभूला अर्पण करायच्या वस्तूने दुसऱ्या कशाचे सोंग आणू नये.

इमारतीच्या बाबतीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या, कारण त्या एकदा बिघडल्या की पुढच्या पिढ्यांना भोगाव्या लागतात. एक म्हणजे भिंत. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि ती ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग घ्या. त्यावर पडणारा उजेड मऊ दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाश. गोव्यातील जुन्या चर्चच्या आणि घरांच्या खिडक्यांत लाकडी चौकटींमध्ये शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आढळतात. काच महाग आणि दुर्मीळ असल्याने निवडलेला तो उपाय होता, पण त्यातून येणारा उजेड पाहा: ऊन आत येते, डोळ्यांना टोचत नाही, आणि पांढऱ्या भिंतीवर दुधासारखा पसरतो. स्थानिक कारागिरांनी स्थानिक वस्तूतून उपासनेला योग्य असा प्रकाश घडवला. आपल्याकडे युरोपातील रंगीत काचांची नक्कल म्हणून साध्या काचेवर छापील स्टिकर चिकटवले जातात; आपल्या उन्हात ते लवकरच फिके पडतात आणि कडा सोडतात. रंगीत काच हवीच असेल तर एकच खिडकी करा, पण खऱ्या काचेची आणि शिशाच्या पट्टीत जोडलेली.

ती खिडकी कोठे करायची हेही कामावरूनच ठरवा. आपले प्रार्थनामंदिर पूर्वाभिमुख वेदीचे असेल आणि मुख्य उपासना सकाळी होत असेल, तर वेदीमागच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे पाळकांचा चेहरा लोकांना काळा दिसतो. वचन सांगणाऱ्याचा चेहरा न दिसणे हा उपासनेतला मोठा अडथळा आहे. तेथे गडद रंगाची काच बसवली तर खिडकी सुंदर दिसेल आणि चेहराही दिसेल. अशी जागा सापडली की समितीत मतभेद उरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वेदीमागच्या चित्राविषयी बोलताना आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण महाराष्ट्र आणि गोवा या दोहोंशी त्यांचे नाते आहे आणि तरीही आपल्या मंडळ्यांत त्यांचे नाव फारसे माहीत नाही. त्यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांत एस्तेव्ह येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षण त्यांना परके वाटले, म्हणून ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. परत आल्यावर त्यांनी मरियेला साडीत रंगवले, येशूला आणि संतांना आपल्या मातीतील चेहरे व बैठक दिली. गोव्यातील काही धर्माधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ते सहन झाले नाही. ते पुण्याला आले आणि अँग्लिकन पंथीय ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून, स्वतः कॅथलिक असूनही, १९६७ मध्ये निधन होईपर्यंत चित्रे काढत राहिले. त्यांची पुष्कळ चित्रे आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत.

त्यांच्या मरियेच्या चित्रासमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. जलरंगांचे पातळ थर एकावर एक धुऊन लावलेले असल्याने रंग कोठेही ओरडत नाहीत. पदर डोक्यावरून खाली उतरतो तो एका सलग रेषेत, आणि ती रेषा डोळ्याला बाळापाशी आणून सोडते. डोळे अर्धवट मिटलेले आहेत. ती आपल्याकडे पाहत नाही, म्हणून आपणही तिच्याकडे कुतूहलाने बघत राहत नाही, ती जिकडे पाहते तिकडे पाहू लागतो. उपासनेतील चित्राचे काम याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. साडी हा त्यातला मुख्य मुद्दा मला वाटत नाही. आज साडीतील मरियेची छापील चित्रे पुष्कळ मिळतात, भडक रंगांची आणि कॅलेंडरावरील नटीसारखी सजलेली. ती देशी असूनही डोळ्याला स्वतःपाशीच अडकवतात. देशी पेहराव चढवल्याने चित्र उपासनेचे होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात म्हटले आहे की, चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून कधी स्वीकारलेली नाही, आणि केवळ भपक्याऐवजी उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा. आपण प्रॉटेस्टंट असलात तरी ही दोन वाक्ये आपल्या समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवण्यासारखी आहेत.

चित्र हवे की नको यावर मतैक्य होत नसेल, तर एक मधला उपाय आहे. कायमचे भित्तिचित्र काढू नका. उपासनेच्या वर्षाप्रमाणे बदलणारे चित्र किंवा वस्त्र ठेवा: नाताळाआधीच्या आगमनकाळात एक, पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात भिंत रिकामी, पुनरुत्थानाच्या रविवारी दुसरे. रिकाम्या भिंतीचे आठवडे अनुभवलेल्या मंडळीला पुनरुत्थानाच्या सकाळी रंग कशासाठी असतात ते कळते. शिवाय बदलत्या चित्रापुढे धूप जाळण्याची सवय कोणालाही लागत नाही.

गायनाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांत बहुतेक सारी कला तेथेच आहे आणि बहुतेक सारी हानीही तेथेच होते. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात लिहिले आहे की, गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गायन मला अधिक हलवून जाते तेव्हा मी पाप करतो असे मला वाटते, आणि तरीही मंडळीत गायन असावे या मताकडे माझा कल आहे. सोळाशे वर्षांत यापेक्षा प्रामाणिक वाक्य या विषयावर लिहिले गेले असेल असे मला वाटत नाही. ज्याला गाण्याची ओढ आहे त्यानेच ही भीती बाळगावी. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की तुझ्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर कर, आणि लगेच न्याय पाण्यासारखा वाहू दे असे सांगतो. प्रत्येक गायनवृंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर मी हे वचन लिहायला लावते.

आपल्याजवळ मोठा ठेवा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघी धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा ओवीत रचली आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले गेले. ते श्रोत्यांना मोठ्याने वाचून आणि गाऊन दाखवण्यासाठी होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन हे सारे मराठी मंडळीच्या उपासनेत आणले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. नगरला त्यांचे बराच काळ वास्तव्य होते. आपल्या उपासना संगीतातील कितीतरी गीते त्यांची आहेत, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. टिळकांचे मोठेपण सांगताना त्यांनी ख्रिस्ती आशयाला मराठी वेष दिला असे म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. त्यांनी मंडळीला काम दिले. अभंगाची आणि कीर्तनाची रचनाच अशी आहे की पुढे उभा असलेला चरण गातो आणि मागचे लोक ध्रुवपद उचलतात. जो वाचू शकत नाही तोही दुसऱ्या वेळेला ध्रुवपदात सामील होतो. प्राचीन मंडळीत स्तोत्रे गाण्याची अशीही एक पद्धत होती: गायक चरण म्हणे आणि लोक प्रतिसादाची ओळ म्हणत. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, पहिल्या वाचनानंतरचे प्रतिसादस्तोत्र आजही असेच असते. वसईच्या मराठी मिस्सेत ते चांगल्या चालीत बांधलेले असले आणि लोक ती ओळ उचलतात तेव्हा चर्च भरून जाते.

म्हणून गीत निवडताना आणि बसवताना ध्रुवपदाकडे आधी पाहावे. मी नवीन चाल घेऊन गेले की पहिल्या तालमीला वृंदाला शिकवतच नाही. दारात उभ्या असलेल्या दोन-चार वयस्क बायकांना ध्रुवपद दोनदा ऐकवते आणि तिसऱ्यांदा त्यांना म्हणायला सांगते. त्या म्हणू शकल्या नाहीत तर चाल बदलायची. बहुतेक वेळा अडचण पट्टीची असते. पुढे उभा असलेला गायक तरुण असतो, त्याला तार सप्तकात चमकायचे असते, आणि तो स्वतःच्या सोयीची उंच पट्टी धरतो. चाल तार षड्जाच्या वर दोन स्वरांपेक्षा अधिक गेली की मागच्या बाकांवरचे पुरुष आधी गप्प होतात आणि नंतर बायका. गायकाला वाटते, लोक भक्तिभावाने ऐकत आहेत. लोक ऐकत नसतात, त्यांना बाहेर ठेवलेले असते. पट्टी एक-दीड स्वर खाली आणली की तेच लोक पुन्हा गाऊ लागतात, हे कोणीही करून पाहावे.

मोठ्या ध्वनिसंचाविषयी माझा विरोध याच कारणासाठी आहे. माणूस शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तरच मोकळेपणाने गातो. पुढून ध्वनिवर्धकाचा लोट आला की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि त्याच्या गाण्या-न गाण्याने काही फरक पडत नाही, हे त्याला आपोआप कळते. वचन वाचणाऱ्यासाठी आणि उपदेशकासाठी एक चांगला ध्वनिक्षेपक आणि दोन लहान पेट्या पुरेशा आहेत. गायनासाठी आपली इमारतच वाद्य आहे. बोललेले शब्द स्पष्ट कळण्यासाठी सभागृहातील निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही घुमत राहणारा नाद, साधारण १ सेकंदाचा असावा लागतो, सामुदायिक गायनाला २ सेकंदांच्या आसपास निनाद पोषक ठरतो. दगडी भिंती आणि उंच लाकडी छप्पर असलेल्या जुन्या प्रार्थनामंदिरात तो बहुधा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो, आणि ती मोठी कृपा आहे. पीओपीचे खोटे छत आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातला की हा निनाद मरतो, मंडळी गाताना उघडी पडल्यासारखी होते, मग ध्वनिसंच आणावाच लागतो. ठेकेदाराला छताला हात लावू देण्याआधी मंडळीला एक ओळ विनाध्वनिवर्धक गायला सांगा, शेवटच्या बाकावर बसून ऐका, आणि जे ऐकू आले ते जपण्याच्या अटी करारात लिहा.

पडद्यावर गीतांचे शब्द दाखवण्याविषयीही विचारले आहे. ज्यांना लहान अक्षर दिसत नाही त्यांना त्याचा खरा उपयोग आहे, म्हणून मी त्याला नाही म्हणत नाही. तो वेदीच्या मध्यावर येऊ नये, बाजूला असावा, आणि शब्दांमागे धबधबे व सूर्यास्त हलू नयेत. पांढऱ्यावर काळी अक्षरे पुरेत.

कोरीव व्यासपीठ करा असेच मी म्हणेन, आणि ते बाहेरून तयार आणू नका. व्यासपीठ हे वचनाचे आसन आहे. प्रॉटेस्टंट मंडळीत तर सर्वांचे डोळे तासभर तेथेच असतात. नक्षी कमी ठेवा, पण वाचणाऱ्याच्या उंचीचा विचार करा: बायका आणि मुले वाचन करत असतील तर मागे सरकती पायरी हवी, नाहीतर डोकेही दिसत नाही. पवित्र शास्त्र ठेवण्याचा उतार असा असावा की मोठे पुस्तक घसरत नाही आणि वाचणाऱ्याचा आवाज खाली कागदात न जाता समोर जातो. हे मोजमाप सुताराने प्रार्थनामंदिरात येऊन, वाचकांना उभे करून घ्यावे. कारागीर ख्रिस्ती असलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरला, तर त्याला गोव्यातील इतिहास सांगावा. सोळाव्या शतकात तेथील धर्मसभांनी ख्रिस्तेतर कारागिरांकडून चर्चच्या वस्तू करून घेण्यावर बंदी घातली होती. तरीही अशी कामे त्यांच्या हातून होत राहिली. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलासंग्रहालयात हस्तिदंती आणि लाकडी मूर्तींच्या चेहऱ्यांत आणि वेलबुट्टीत देशी हात स्पष्ट ओळखू येतो, आणि त्या मूर्तींसमोर पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना झाल्या आहेत. सुताराला आपण काय करतो आहोत हे समजावून सांगा, त्याच्याबरोबर बसून चहा घ्या, आणि त्याचे काम पूर्ण झाल्यावर मंडळीसमोर त्याचे आभार माना.

शेवटी आपल्या पत्रात ओझरता उल्लेख असलेल्या जुन्या पायपेटीविषयी, म्हणजे पायाने भाता चालवायच्या बाजाच्या पेटीविषयी. तिच्याऐवजी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यावा का, असे आपण विचारले आहे. पायपेटी भंगारात काढण्याआधी ती जाणकाराकडून उघडून पाहा. अशा पेट्यांत तीन गोष्टी बिघडतात: भात्याचे चामडे चिरते, आतल्या कापडी गाद्यांना कसर लागते, आणि पितळी सुरांत धूळ अडकून ते दबतात किंवा घरघरतात. तिन्हींची दुरुस्ती होते. लाकडाला वाळवी लागली नसेल आणि सूर तुटलेले नसतील, तर हा खर्च चांगल्या कीबोर्डच्या खर्चापेक्षा बहुधा कमी येतो. तिचा आवाज हवेवर चालतो, माणसाच्या आवाजासारखा श्वास घेतो, म्हणून मंडळीच्या गाण्याला तो टेकू देतो आणि त्याच्यावर चढत नाही. दुरुस्तीला द्याल तेव्हा मंडळीतील दोन मुलगे-मुली निवडून त्यांना त्या कारागिराबरोबर बसवा, भात्याचे चामडे कसे बदलतात ते त्यांना शिकू द्या, आणि ध्रुवपदाला साथ कशी करायची हे मी त्यांना येऊन शिकवीन. त्यासाठी मानधनाची तरतूद करू नये, ती रक्कम वेदीवस्त्राच्या कापडाकडे वळवावी.